'साभार' लिहिलं की झालं का? (आणि प्रताधिकार की स्वामित्व हक्क)

कृष्णाकाठ
मंडळी, एक अडलंय. वाईजवळच्या मेणवलीवर विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशात लेख लिहायला घेतला होता, म्हणजे नाना फडणवीसांचा वाडा, खालचा घाट, मेणेश्वराचं देऊळ आणि ती वसईहून आलेली घंटा. मराठी विश्वकोशातल्या वाईच्या नोंदीतले दोन परिच्छेद घेतले, घाटावर एक माहितीफलक आहे त्याचा मोबाईलवर फोटो काढून त्यातल्या चार ओळी उतरवल्या, आणि खाली व्यवस्थित 'साभार' लिहून दोघांची नावं टाकली. दुसऱ्या दिवशी मजकूर गायब, कारण 'प्रताधिकार भंग', म्हणजे कॉपीराइटचा भंग. चर्चापानावर विचारलं तर एक जुने सदस्य म्हणाले साभार हा शब्द इथे चालत नाही, श्रेयनिर्देश वेगळा, परवानगी वेगळी. आता आमच्या घरी दिवाळी अंकांचा ढीग असायचा, त्यात 'साभार' म्हणजे विचारून, रीतसर घेतलेलं असंच आम्ही समजत आलो. मग साभारचा नेमका अर्थ काय? आणि ॲट्रिब्यूशनला, म्हणजे मूळ लेखकाचं नाव देण्याला, मराठीत काय म्हणायचं?

मोडीवाचक
साभार = स + आभार, आभारासह. बस एवढंच. त्यात परवानगी कुठून आली? संपादक कविता परत पाठवायचे तेव्हा 'साभार परत' लिहायचे, तिथे कुणी कुणाची परवानगी मागितलेली नसायची, उलट नको म्हणून सांगितलेलं असायचं.

रानवाटा
हाहा, साभार परतची पाकिटं आमच्याकडेही होती. आणि मासिकात शेवटी 'साभार पोच' म्हणून परीक्षणाला आलेल्या पुस्तकांची यादी यायची. म्हणजे एकच शब्द तीन कामं करतोय: मिळालं, नको, आणि उचललं.

टंकलेखक
तिसरं काम व्हॉट्सॲपने लावलं त्याला. 'साभार - फेसबुक', 'साभार - गूगल', 'साभार - नेट'. अरे गूगलने काय लिहिलंय का ते? ज्याने लिहिलं त्याचं नाव सोडून रस्त्याचे आभार मानायचे. ह्या असल्या साभारामुळेच नवे लोक ज्ञानकोशात येऊन जसंच्या तसं चिकटवतात आणि मग रुसतात. कृष्णाकाठ, तुम्हाला नाही म्हणत, सर्वसाधारण बोलतोय.

कृष्णाकाठ
मलाच म्हणताय, हरकत नाही. पण मग विश्वकोशाचं नाव लिहूनही का उडालं ते सांगा. आणि तो तर सरकारी, लोकांच्या पैशातून झालेला.

जुना सदस्य
मी बरीच वर्षं हेच निस्तरतोय म्हणून लिहितो. सरकारी म्हणजे फुकट नव्हे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सरकारी साहित्यालाही प्रसिद्धीपासून ६० वर्षं संरक्षण आहे. विश्वकोशाचा पहिलाच खंड १९७६ चा, हिशोब करा. व्यक्तीने लिहिलेलं असेल तर लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि ती मोजायची मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून. इतिहासकार द. ब. पारसनीस १९२६ ला गेले, त्यांचं साताऱ्या-महाबळेश्वरावरचं लिखाण कधीच मोकळं झालं. गोनीदा (गो. नी. दांडेकर) १९९८ ला गेले, त्यांनी दुर्गांवर लिहिलेलं २०५८ सालाच्या अखेरपर्यंत घरच्यांचं, तिथे शंभरदा साभार लिहा, उपयोग नाही. विकिपीडियावर तर मजकूर सीसी बाय-एसए परवान्याखाली जातो, म्हणजे उद्या कुणी तो छापून विकलाही तरी चालतं, फक्त नाव द्यायचं आणि आपलं पुस्तक त्याच अटीवर मोकळं ठेवायचं. विश्वकोशाचे परिच्छेद तुम्ही त्यात टाकले म्हणजे जी वस्तू तुमची नाही तिच्या विक्रीची परवानगी जगाला दिलीत. 'फक्त विकिपीडियापुरती परवानगी देतो' असं मालकाने लिहून दिलं तरी पुरत नाही ते याच कारणाने.

सातारकर
फलकाचं काय पण? फलक तर उघड्यावर आहे. कायद्यात सार्वजनिक जागेतल्या शिल्पाचा, इमारतीचा फोटो काढायला मुभा आहे ना?

जुना सदस्य
शिल्प, वास्तू यांना आहे, ती कायमची तिथे असतील तर. फलकावरचा मजकूर म्हणजे लेखन, त्याला ती मुभा लागू नाही. वाड्याचा फोटो काढा, घाटाचा काढा, घंटेचा काढा आणि स्वतः काढलेला चढवा. फलकावरून माहिती घ्या, वाक्यं घेऊ नका. घंटेवर १७०७ साल आहे ही माहिती, ती कुणाच्या बापाची नाही. तेच ज्या वाक्यात सांगितलं ते वाक्य मात्र लिहिणाऱ्याचं. ती माहिती आपल्या शब्दांत लिहून तळटीप द्यायची, त्याला म्हणायचं संदर्भ. संदर्भ वाचकासाठी असतो, श्रेय लेखकासाठी. लोक या दोन्हींना साभार म्हणतात तिथे घोळ होतो.

मोडीवाचक
एकदम पटलं. पण 'प्रताधिकार' हा शब्द कुणी काढला हो? प्रति + अधिकार याचा संधी प्रत्यधिकार होतो. आणि प्रत हा मराठी शब्द धरला तर त्याला संस्कृत संधी लावायचाच कशाला.

टंकलेखक
आलं! मी वाटच बघत होतो. मराठीत प्रत म्हटलं की प्रत सुधारा, हलकी प्रत, तांदळाची प्रत, हेच आधी डोक्यात येतं. त्यामुळे प्रताधिकार म्हणजे मालाची गुणवत्ता ठरवायचा अधिकार वाटतो मला. साधं कॉपीराइट म्हणा. रिक्षावाल्यालाही कळतं.

सातारकर
स्वामित्व हक्क काय वाईट आहे? जुन्या पुस्तकांच्या दुसऱ्या पानावर 'सर्व हक्क स्वाधीन' असायचं, १८६७ च्या २५ व्या आक्टाचा हवाला द्यायचे. स्वाधीन! काय ऐट होती त्या शब्दात.

मोडीवाचक
स्वामित्व हक्क म्हणजे धेडगुजरी जोड, अर्धा संस्कृत अर्धा अरबी. शिवाय स्वामित्व म्हणजेच मालकी, तिचा पुन्हा हक्क कशाला? आणि आता गावठाणाची ड्रोनने मोजणी करून मालमत्ता पत्रक देतात त्या योजनेचं नावही स्वामित्वच आहे, म्हणजे अजून गोंधळ.

रानवाटा
हक्कदार, हक्कसोड पत्र, मालकी हक्क हे सगळं तीनशे वर्षं बिनतक्रार चाललंय आणि तुम्हाला आत्ता अरबी टोचायला लागलं होय? उलट मला वाटतं 'हक्कसोड' हाच शब्द उचलावा. आपला फोटो सगळे हक्क सोडून देतो त्याला सीसी झिरो म्हणतात, त्याला मराठीत हक्कसोड परवाना. बहीण भावाला शेतीचा हिस्सा सोडते तेव्हा तलाठ्यापासून सगळ्यांना कळतो तो शब्द.

टंकलेखक
बहिणीकडून हक्कसोड कसं करून घेतात ते तलाठ्याला जास्त चांगलं माहिती असतं, जाऊ दे. पण शब्द भारी आहे. आणि पब्लिक डोमेनला, म्हणजे हक्क संपून मोकळ्या झालेल्या साहित्याला, गायरान म्हणा, कुणीही चारा.

जुना सदस्य
गायरान शब्दाने नवे लोक अजून बिघडतील, कारण गायरानावर अतिक्रमण करायची आपल्याकडे परंपरा आहे. १८८५ चं सातारा गॅझेटियर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला १९ वा खंड, ते खरंच मोकळं आहे, हवं तर अख्खं भाषांतर करून टाका. पण तिथेही कुठून घेतलं ते लिहा, नाहीतर वाचकाला वाटतं १८८५ ची लोकसंख्या आजची आहे. असा लेख मी बघितलाय, 'येथे आठवड्याचा बाजार भरतो', बाजार बंद पडून जमाना झाला.

आणि एक, इंग्रजी विकिपीडियावरून मराठीत भाषांतर करताना घरचंच आहे म्हणून नाव सोडतात. तेही चालत नाही, संपादन सारांशात मूळ लेखाचा दुवा द्यावा लागतो, कारण तिथे ज्यांनी लिहिलं ती माणसं वेगळी आहेत, त्यांची नावं त्या लेखाच्या इतिहासात आहेत.

कृष्णाकाठ
म्हणजे विश्वकोशात नोंदीच्या शेवटी आडनाव आधी आणि मग आद्याक्षरं असं लेखकाचं नाव असतं, तसं?

जुना सदस्य
तसंच, फक्त इथे शेवटी नसतं, 'इतिहास' दाबल्यावर दिसतं.

मोडीवाचक
आपल्याकडे तर नाव मजकुरातच विणायची पद्धत. तुका म्हणे, नामा म्हणे. कापून चिकटवलं तरी नाव बरोबर जातं. याला नाममुद्रा म्हणतात, ॲट्रिब्यूशनला नाममुद्राच म्हणावं असं माझं मत.

रानवाटा
आणि त्या नाममुद्रेखाली दुसऱ्याच कुणी रचलेले किती अभंग खपवले गेले ते? ते उलटं कॉपीराइट. आपलं लिहिलेलं दुसऱ्याच्या नावावर.

सातारकर
तहसीलला सातबाऱ्याची नक्कल मिळते, तिच्यावर 'अस्सल बरहुकूम नक्कल' लिहिलेलं असायचं. तिथे नक्कल म्हणजे अगदी इभ्रतीचं काम आणि शाळेत नक्कल केली की छडी. माझा प्रश्न एवढाच, नक्कल हा शब्द असताना प्रत कशाला? नक्कलहक्क!

मोडीवाचक
देवा. नक्कलहक्क म्हणजे मिमिक्री करणाऱ्याचा परवाना वाटेल.

टंकलेखक
घंटेचं कुणी बोललंच नाही. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा पण वसईचीच सांगतात, तिच्यावर १७२१ आहे. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९. चिमाजी अप्पांनी १७३९ ला पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हा नेमक्या किती घंटा आल्या?

सातारकर
मेणवलीच्या घंटेवर मेरी आणि बाळ येशू कोरलेत ते बघितलंत का? देवळात टांगलीये आणि कुणी खरवडलं नाही. तिच्याखाली कुणाला साभार लिहायचं, चिमाजी अप्पांना का पोर्तुगीजांना?

रानवाटा
ती 'साभार पोच'मध्ये टाका.

कृष्णाकाठ
हसा. लेख परत लिहिलाय, सगळा माझ्या शब्दांत, घाटाचा फोटोही स्वतः काढलेला, तळटिपा आठ झाल्यात. आता त्या तळटिपांच्या वर मथळा काय देऊ, संदर्भ, संदर्भसूची, का श्रेय?

मोडीवाचक
संदर्भसूची नको, सूची म्हणजे अकारविल्हे लावलेली यादी.

टंकलेखक
कोणी सांगितलं? किराणाची यादी पण सूचीच. अकारविल्हेचा काय संबंध?

मोडीवाचक
किराणाची यादी ही यादीच, फारसी आहे ती. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.