मदत हवी आहे: फुलांना वास नाही, कीटक यावेत म्हणून काय फवारू?

गच्चीवाली
वेलाला फुलं भरपूर लागतात, पण फळ एक धरेल तर शपथ. फुलामागचं बारकं फळ पिवळं पडून गळतं. सकाळी बघते तर मधमाशी फिरकत नाही. फुलाला नाक लावलं तरी वास नाही, मग कीटक येणार कसे? मधमाश्यांना ओढेल असा कुठला सुगंध फवारू? गुलाबपाणी चालेल का? लवकर सांगा, बहर चालू आहे.

रानवाट
वेल कसला? फुलाचा रंग कोणता, उमलतं कधी? मादी फुलांबरोबर नर फुलं आहेत का?

पानफूल
गवती चहाचं तेल पाण्यात घालून फवारा. माझ्याकडे मधमाश्या हमखास येतात.

पतंगवेडा
पानफूल, ते तेल पेटीत मोहोळ बसवायला वापरतात. कामकरी माश्या एकमेकींना बोलावताना जो गंध सोडतात, त्यातलं सिट्रल हे वासाचं द्रव्य गवती चहातही असतं. फुलावर माशी येते ती मकरंदासाठी किंवा परागांसाठी. अमुक वासाच्या फुलात खाऊ मिळतो हे ती शिकते, लक्षात ठेवते. मधमाश्यांचे अभ्यासक कार्ल फॉन फ्रिश यांनी माश्यांना वास शिकवून हे दाखवलं होतं. नुसता वास शिंपडला आणि हाती काही लागलं नाही, तर ती दुसरीकडे जाणार.

पानफूल
माझा अनुभव आहे, पुस्तकातलं सांगत नाहीये.

गच्चीवाली
भांडू नका हो. दुधी आहे. फुलं पांढरी, संध्याकाळी उमलतात, सकाळपर्यंत मलूल.

पतंगवेडा
हेच आधी हवं होतं! दुधीची मुख्य भिस्त रात्रीच्या पतंगांवर असते, तुम्ही सकाळी मधमाशी शोधताय. रात्री फुलणारी बरीच फुलं अंधार पडल्यावरच गंध सोडतात. पेटुनियाचं बघा, तिचं आतलं घड्याळच ठरवतं की गंध संध्याकाळनंतर सोडायचा. वास बनवायला झाडाची शक्ती खर्च होते, गिऱ्हाईक नसताना ती कोण घालवेल? सकाळच्या सुकल्या फुलाचा वास घेऊन काहीच कळणार नाही. रात्री वेलाजवळ दिवा असतो का? औषध काय मारता?

गच्चीवाली
दिवा वेलाच्या डोक्यावरच आहे, रात्रभर चालू. रोज संध्याकाळी निंबोळी अर्क मारते. त्याचा इथे काय संबंध?

पतंगवेडा
आहे ना. स्वित्झर्लंडमध्ये कुरणांवर दिवे लावून पाहिले, तर तिथल्या फुलांना रात्रीच्या कीटकांच्या भेटी ६२ टक्क्यांनी घटल्या. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. दिवा बंद करा. आणि फूल उमलायच्या वेळी त्याच्यावर काहीही फवारू नका.

निरभ्र
अवांतर: मादागास्करच्या एका पांढऱ्या ऑर्किडची मकरंदनळी जवळपास फूटभर लांब असते. ती पाहून डार्विनने १८६२ मध्ये लिहिलं की तेवढ्याच लांब सोंडेचा पतंग असला पाहिजे. १९०३ मध्ये त्या पतंगाचं वर्णन प्रसिद्ध झालं, तोवर डार्विन हयात नव्हता. त्या ऑर्किडचा गंधही रात्रीच दरवळतो.

मंजिरी
वासाचं निघालंच आहे तर, हल्लीच्या गुलाबांना वास का नसतो?

निरभ्र
रंग, आकार, टिकाऊपणा पाहून निवड होत गेली, त्यात वास मागे पडला.

रानवाट
धाग्याला फाटे फोडू नका. गच्चीवाली, नर फुलांचं सांगितलं नाहीत.

जुनी_बाग
सुगंधाचा नाद सोडा, हाताने करा. ताजं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि पुंकेसर मादी फुलाच्या कुक्षीवर, म्हणजे मधल्या चिकट टोकावर, हलकेच फिरवा. फूल उमललं की त्याच संध्याकाळी. सकाळी करून उपयोग नाही.

पतंगवेडा
हाताने जरूर करा, पण दिवा तसाच ठेवला तर रोज हेच करत बसाल.

जुनी_बाग
बसेन की. मला फळ हवंय, पतंग नकोत.

गच्चीवाली
नर फुलं आहेत, लांब देठाची, भरपूर. दिवा आजपासून बंद, हातानेही करते. रातराणीची कुंडी वेलाजवळ सरकवू का?

पतंगवेडा
सरकवा. लांबून पतंगाला वाट दाखवतो तो गंध, जवळ आल्यावर तो डोळ्यांनीही फूल शोधतो आणि दुधीचं पांढरं फूल अंधारात उठून दिसतं. फक्त कुंडी वेलाला चिकटून नको, नाहीतर पतंग रातराणीवरच रमायचा. आणि हाताने लावलेल्या एक-दोन मादी फुलांना दोरा बांधून ठेवा, म्हणजे कुठलं फळ तुमचं आणि कुठलं पतंगाचं ते कळेल.