संग्रहालयासाठी ‘गाला डिनर’: वस्तू रिसॉर्टवर न्यायच्या का? आणि लिलाव चालतो का?

माडीवरचा: नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातलं गाव आमचं. वाचनालयाच्या माडीवर संग्रहालय आहे, म्हणजे दोन खोल्या नि सहा काचेची कपाटं, त्यातलं एक उघडतच नाही. गेल्या पावसाआधी माकडांनी कौलं फोडली आणि पाणी थेट मोडी कागदांच्या कपाटापर्यंत आलं, तेव्हापासून छपराचं घोंगडं भिजत पडलंय. आता आमच्या मुंबईकर मंडळाने ठरवलंय की १ मे ला समुद्राकडच्या एका रिसॉर्टवर ‘गाला डिनर’ करायचं, विषय ‘दहा वस्तूंतून महाराष्ट्र’. टेबलांच्या मधोमध वस्तू मांडायच्या, माणशी तिकीट लावायचं आणि शेवटी दोन-तीन जुन्या वस्तूंचा लिलाव. यादीत शिवराई (शिवकाळातलं तांब्याचं नाणं), लारी (चांदीची तार केसातल्या पिनेसारखी वाकवलेलं ते नाणं, आदिलशाही काळातलं), तोफेचा गोळा, दशावतारी गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते), खोताच्या (गावाचा सारा वसूल करणारा वतनदार) घरचं मोडी खतपत्र, धान्य मोजायची शेर-पायली वगैरे आहे. पैसे तर हवेतच पण गाला म्हटलं की माझ्याच पोटात गोळा येतो. कोणी केलंय का असलं काही?

कागदीघोडा: आधी लिलाव डोक्यातून काढा. १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, १०० वर्षांवरची वस्तू त्यात येते, महत्त्वाचं हस्तलिखित असेल तर ७५ वर्षांवरचं पण, आणि या वस्तू विकायचा धंदा लायसन्सशिवाय करता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी ज्यांनी आजोबांची वस्तू विश्वासाने तुमच्याकडे दिली ते परत तुमच्या दारात उभे राहणार नाहीत हे लिहून घ्या. लिलावच करायचा तर हापूसच्या पेट्यांचा करा, १ मे म्हणजे ऐन हंगाम, नाहीतर सावंतवाडीहून नवा गंजिफा संच करून आणा. ट्रस्ट रजिस्टर नसेल तर वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्तांकडची ४१ क ची (वर्गणी गोळा करायच्या परवानगीची) भानगड बघा, गणपती मंडळं करतात तीच. ८०जी (देणगीवर आयकरात सूट) असेल तर २००० च्या वर रोख दिलं की देणाऱ्याला सूट मिळत नाही, हे आधीच सांगा, नाहीतर मार्चमध्ये फोन येत राहतात.

जुनाटपेटारा: लिलावापेक्षा मला त्या ‘टेबलांच्या मधोमध’ने घाम फुटला. आमच्याकडे हे झालंय म्हणून सांगतेय. पाहुण्यांना जवळून बघू द्या म्हणून गंजिफा टेबलावर ठेवल्या आणि एकाच्या हातून सोलकढीची वाटी कलंडली. दशावतारी संचात १२० पानं, दहा अवतारांची बारा-बारा, त्यातलं वराहाचं एक पान गेलं ते गेलंच, आता तो संच अपुरा. आणि मे महिन्यात समुद्रकाठची दमट खारी हवा, वरून स्टेजचे दिवे. जुन्या कागदाला ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) जास्त उजेड नको म्हणतात, स्टेजवर किती असतो ते डेकोरेशनवाल्याला विचारा! खतपत्राचा मोठा फोटो प्रिंट न्या, खाली आजच्या मराठीत वाचन द्या, लोक त्याच्यासमोरच जास्त वेळ उभे राहतात. लारीची प्रतिकृती करून हातात देता येईल. गोळा न्या हवा तर, तो कोण उचलून पळणार आहे, फक्त परत आणल्यावर पुसून कोरडा करून ठेवा, खाऱ्या हवेत लोखंड लगेच गंज धरतं.

अलिबागचापांढराकांदा: माझा मुद्दा वेगळाच आहे, यादीत खोत आहे, कूळ कुठंय? महाराष्ट्राचा इतिहास म्हणता आणि सगळं राजा-सरदार-खोतांचं. आमच्याकडे अलिबागजवळ चरीला १९३३ मध्ये शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप केला, शेती कसायचीच नाही म्हणून, वर्षानुवर्षं चालला तो. बाबासाहेबांनी खोती रद्द करायचं बिल १९३७ मध्ये मुंबईच्या असेंब्लीत आणलं. त्या खतपत्राशेजारी एखाद्या कुळाच्या घरातली खंडाची (जमीन कसण्याबद्दल खोताला द्यायचा वाटा) पावती ठेवा, मग बघा लोक काय बोलायला लागतात. आणि मुंबईकर पैसे देणार आहेत ना, मग त्यांची गोष्ट कुठंय? मनीऑर्डरची पावती, गिरणीचा पास, चाकरमान्याची पत्र्याची ट्रंक. १९८२ च्या गिरणी संपानंतर गावाला परत आलेली माणसं तुमच्याच वाडीत असतील, त्यांना बोलवा, तिकीट न लावता.

चुलीवरचा: माका काय वाटता सांगू? रिसॉर्ट कशाक होयो? मे म्हयन्यात अर्धी मुंबई गावातच असता. वाचनालयाच्या अंगणात मांडव घाला, जेवान बरा ठेवा, आणि लोकांका धा-धा करून माडयेर सोडा. फुटकी कौलां वर बघितली काय खिसो आपसूक उघडतलो.

माडीवरचा: सगळ्यांचे आभार. काल मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. लिलाव कॅन्सल, हापूसच्या पेट्या ठरल्या. रिसॉर्टचा ॲडव्हान्स अजून दिला नव्हता म्हणून अंगणावरही बरेच जण तयार झालेत, दोघं रुसलेत, ‘मग त्याला गाला कोण म्हणणार’ म्हणून. खंडाच्या पावत्या खालच्या वाडीत एका घरी आहेत, त्यांनी दाखवल्या पण द्यायला नाही म्हणाले, फोटो काढू दिले, तेही बरोबरच आहे त्यांचं. आता आत्याकडे ट्रंक मागायला जातोय. काका गिरणीत होते त्यांची, नाव रंगवलेली. देईल असं वाटत नाही, तिच्यात तिचे तांदूळ आहेत.