मदत हवी आहे : घोडी जागची हलत नाही, लवकर सांगा

पूर्णाकाठ : मंडळी, घोडी काल संध्याकाळपासून पाऊल टाकत नाहीये. पुढचे पाय लांब करून मागं रेलून उभी राहते. परवा दर्यापूरकडे वरात आहे, इसार घेतलेला आहे. घरच्या घरी काय करता येईल? इथले डॉक्टर गाई-म्हशी पाहतात, घोड्याचं नाव काढलं की टाळतात.

मोतद्दार : वय किती? लीद टाकते का? एकाच पायानं लंगडते की दोन्ही? नाल कधी बसवली? खाल्लं काय? हे सगळं लिहा आधी.

खारपाणपट्टा : वात धरला भौ तिले. आमच्या आज्यापाशी घोडा होता, त्याचंबी असंच झालं होतं. तिळाचं तेल कोमट करून पायाले चोळा अन् सकाळ-संध्याकाळ फिरवा. उभीच ठेवली तर आखडून जाईन.

पूर्णाकाठ : वय आठ. दोन्ही पाय. नाल मागच्याच महिन्यात बसवली. लीद पातळ आहे. खाणं नेहमीचंच. तेल किती वेळ चोळायचं?

मोतद्दार : थांबा, फिरवू नका! नेहमीचं म्हणजे नेमकं काय? चंदी किती देता? बैलांची ढेप दिली का?

सातपुडा_पायथा : घोडी कितीला घेतली? मला सारंगखेड्याच्या बाजारातून एक घ्यायची आहे. दात पाहून वय नक्की कळतं का?

पूर्णाकाठ : तुरीचं कुटार, थोडा कडबा, चंदीला हरभरा. ढेप नाही. परवा रात्री दावं सुटलं आणि गव्हाच्या पोत्यात तोंड घातलं होतं. निम्मा गहू खाली सांडला होता, पोटात किती गेला ते कळायला मार्ग नाही. पण काल दिवसभर ठणठणीत होती म्हणून लिहिलं नाही.

पशुवैद्यक_नागपूर : हीच मुख्य गोष्ट आहे. घोडा रवंथ करत नाही आणि त्याला उलटीही होत नाही. एकदम पोटात गेलेला गहू मोठ्या आतड्यात आंबतो, त्यातलं विष रक्तात उतरतं आणि खुराच्या आत हाडाला धरून ठेवणारे पापुद्रे सुजतात. याला लॅमिनायटिस म्हणतात. धान्य खाल्ल्यावर एक-दोन दिवसांनी लक्षणं दिसतात, म्हणून मध्ये ती बरी वाटली. खुराला हात लावून पाहा, गरम लागेल. खुराच्या वर मागच्या बाजूला नाडी जोरात उडत असेल. चालवलं तर हाड आतल्या आत फिरू शकतं, मग घोडी कायमची गेली. धान्य पूर्ण बंद. पायाखाली वाळूचा जाड थर घाला. दोन्ही खूर बर्फाच्या पाण्यात ठेवा. प्यायला पाणी भरपूर ठेवा. आणि १९६२ वर आत्ता फोन करा, पशुसंवर्धनची फिरती गाडी येते.

खारपाणपट्टा : म्हणजे आमचा आजा चुकीचा होता का? पोट दुखलं की घोडा फिरवतातच ना!

मोतद्दार : पोटशुळात हळूहळू फिरवतात, लोळून आतड्याला पीळ पडू नये म्हणून. हे पोटाचं नाही, खुराचं आहे. तुमच्या आजोबांच्या घोड्याला काय झालं होतं हे आपण दोघंही पाहिलेलं नाही.

टिपेश्वर_वाट : मेडिकलमधून डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन आणा, रात्रीत उभी राहील.

पशुवैद्यक_नागपूर : अजिबात नको. जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे, ते टोचलेली मेलेली ढोरं खाऊनच गिधाडं जवळजवळ संपली. वेदनाशामक कोणतं आणि किती, हे डॉक्टरच ठरवतील.

टिपेश्वर_वाट : आमच्या भागात लहानपणी गिधाडं दिसायची, आता मेलेलं ढोर गावाबाहेर पडून राहतं. त्याचं कारण हे?

गावची_माहेरवाशीण : वरातीच्या घोड्यांचे हालच असतात. वैशाखाच्या उन्हात, डीजेच्या भिंतीला लागून, फटाक्यात उभं करतात. तासन् तास पाणी नाही. घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर तरी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. दादा, वरात सोडा, घोडी वाचवा.

मोतद्दार : एक अजून. धनुर्वाताची लस टोचली आहे का? घोड्याला तो फार लवकर होतो, खिळा रुतला तरी पुरे. आणि खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी तासायलाच हवेत, नाल शाबूत दिसली तरी.

पूर्णाकाठ : खूर गरमच आहेत. बर्फ रसवंतीवाल्याकडून आणला, घमेल्यात पाय ठेवू देते आहे. गाडी येऊन गेली. डॉक्टर तेच म्हणाले, इंजेक्शन दिलं, उद्या परत येतो म्हणाले. महिनाभर तरी पाठीवर कोणाला बसवायचं नाही. लशीचं विचारतो उद्या. परवाच्या वरातीसाठी मूर्तिजापूर किंवा अंजनगावकडे कोणाची घोडी मोकळी आहे का? इसार मी त्यांच्याकडे वळता करतो.

खारपाणपट्टा : मूर्तिजापुरात एकजण आहे ओळखीचा. विचारून सांगतो रात्री. तेल नका लावू मग.