डिकन्स्ट्रक्टेड कपड्याले मराठीत काय म्हनाव?

पुतनी नागपूरले फॅशन डिझाइन शिकून राह्यली, तिले प्रोजेक्ट मराठीत लिहाचा हाय. जुने कपडे उसवून त्याचेच नवे करतात, शिलाई मुद्दाम बाहेर दिसू देतात, त्याले डिकन्स्ट्रक्शन म्हन्तात म्हने. मले 'विरचना' शब्द भेटला. आमच्या गावच्या टेलरले विचारलं तं थो म्हने, "भाऊ, फाडफूड लिहा ना." सांगा कोनी.

— विरचना हा समीक्षेतला शब्द, फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदाच्या सिद्धांतासाठी वापरतात. पण गंमत बघा, 'विरचित' म्हणजे रचलेलं, त्यामुळे ज्याला सिद्धांत माहीत नाही त्याला उलटाच अर्थ लागेल. कपड्यासाठी सरळ 'उसवण' घ्या. फाडण्यात कापड जातं, उसवण्यात फक्त टाके जातात आणि कापड हाती राहतं, फरक तिथेच आहे.

— उसवन अर्धंच झालं नं ताई, जोडाचं काय? मायी आजी नऊवारी मधातून विरली का थे मधातलं काढून टाके अन् दोन्ही चांगले पदर जोडे, त्याले दंड घालनं म्हनत. दंडाचं लुगडं! बेल्जियमचा फॅशन डिझायनर मार्टिन मार्जेलानं १९८८ मध्ये पॅरिसले स्वतःचं फॅशन हाउस काढलं, मंग मिल्ट्रीच्या मोज्याचं स्वेटर केलं, मोज्याची टाच बरोबर कोपरावर येते. आता मले सांगा हे दंड घालनं नाई तं काय हाय?

— नाही हो भाऊ, तेवढं सोपं नाही. आजी दंड निऱ्यांत लपवायची, गरिबी दिसू नये म्हणून. मार्जेलाच्या लेबलचे चार पांढरे टाके कपड्याच्या बाहेरून दिसतात, आणि ते दिसावेत अशीच इच्छा. जपानी डिझायनर रेई कावाकुबोने १९८२ मध्ये भोकाभोकाचं स्वेटर आणलं, तीही भोकं मुद्दाम विणलेली, झिजलेली नव्हेत. म्हणून 'उघडा दंड' म्हणा हवं तर. व्हिंटेजला, म्हणजे जपून ठेवलेल्या जुन्या कपड्यांना, मात्र 'जुनेर' म्हणू नका, जुनेर म्हणजे घासून घासून मऊ झालेलं, बाळाच्या दुपट्याला जातं ते, त्याला कोणी जपून ठेवत नाही.

— 'उघडा दंड' झ्याक! पन थे वाचून कोनी दंडाची पावती मागू नये म्हंजे झालं. पुतनी आता दंडाचं लुगडं पाहाचं म्हन्ते. आईच्या पेटीत एखादं उरलं असन तं पाह्यतो, नाई तं गोधडीतच निघन.