फॅमिली कॅम्पमध्ये पालकच सगळं करून टाकतात, मुलं बघत बसतात. स्काउट ग्रुप चालवणाऱ्यांनी सल्ला द्या

शिट्टीदोरी :
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, वाचाल ना. गेल्या वर्षापासून स्काउट ग्रुप माझ्याकडे आलाय. आधीच्या लीडर ताई दुसरीकडे राहायला गेल्या, मी तोपर्यंत नुसती मदतीला येणारी पालक होते. २६ मुलंमुली आहेत, त्यातली १० कब वयाची म्हणजे ८ ते १० ची आणि बाकीची ११ ते १४. दर आठवड्याची मीटिंग आता छान चालते, गाठी, खेळ, प्रथमोपचार सगळं मार्गी लागलंय. अडतंय ते फक्त फॅमिली ऍक्टिव्हिटीला.

मागच्या कॅम्पचं सांगते. मुलांनी तीन मीटिंगा तंबू लावायची प्रॅक्टिस केली होती. प्रत्यक्ष जागेवर पोचलो आणि अर्ध्या तासात सगळे तंबू उभे, पण लावले कुणी तर बाबालोकांनी. मुलं खुंट्यांच्या पिशव्या धरून बाजूला उभी. आमच्यातली एक ११ वर्षांची मुलगी, तिला ताणदोरीची गाठ मारायला खूप वेळ लागला होता, घरी टेबलाच्या पायाला बांधून बांधून शिकली होती ती. तिने दोरीचा पहिला वेढा घेतला आणि तिच्या बाबांनी हातातून दोरी काढून घेतली, "थांब बाळा, अंधार पडायच्या आत व्हायला हवं". त्यांनी मारलेली गाठ रात्री वाऱ्यात सुटली आणि तंबू एका बाजूने बसला. ती काही बोलली नाही. पण नंतरच्या दोन मीटिंगांना आलीच नाही, आणि ते माझ्या मनातून जात नाहीये.

दुसरीकडे चार-पाच पालक दिवसभर खुर्चीत फोन घेऊन बसलेले, त्यांना तरी काय बोलणार, मी त्यांना काही काम दिलंच नव्हतं. तर आता दोन महिन्यांनी पुढचा कॅम्प आहे, पालकांना न दुखवता मुलांच्या हातात कसं द्यायचं, आणि ज्यांना काहीच येत नाही त्यांना कसं सामावून घ्यायचं, प्लीज अनुभवाचं सांगा.

जुना_टोळीनायक :
ताई, तुमच्या ग्रुपमधली ती मुलगी परत येईल, पण पुढच्या कॅम्पला तिच्या हातात दोरी राहायला हवी एवढं नक्की करा.

मी सतरा-अठरा वर्षं ग्रुप चालवलाय आणि माझ्या मते तुमची अडचण पालकांची नाहीये, रचनेची आहे. फॅमिली कॅम्प म्हटलं की आपण कुटुंबाप्रमाणे तंबू वाटतो, मग एका कुटुंबात सगळ्यात मोठं माणूसच पुढे होणार, घरी तसंच असतं. टोळी, म्हणजे नायकाच्या हाताखालचा मुलांचा गट, मोडली की स्काउटिंगच मोडलं. १९०७ साली स्काउटिंग सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिला कॅम्प घेतला ना, तेव्हा पहिल्यांदा काय केलं तर मुलांच्या चार टोळ्या पाडल्या, लांडगा, बैल, कावळा आणि कर्ल्यू हा पाणपक्षी, आणि प्रत्येक टोळीचं काम तिच्या नायकावर टाकलं. वेगवेगळ्या परिस्थितीतली मुलं होती ती, काही मोठ्या शाळांमधली तर काही कामकरी घरातली, एकमेकांना ओळखत नव्हती, तरी जमलं.

तर कॅम्प टोळ्यांचा करा आणि पालक पाहुणे. सहा ते आठ मुलांची एक टोळी, तिच्याकडे चार-पाच कुटुंबं पाहुणी म्हणून द्यायची, आणि शक्यतो आपापल्या आईबाबांची टोळी नको, अदलाबदल करा, यानेच निम्मं काम होतं कारण दुसऱ्याच्या मुलाच्या हातातून दोरी कुणी काढून घेत नाही. पाहुण्यांना उतरवून घेणं, जागा दाखवणं, पाणी कुठे, संडास कुठे, चुलीपासून किती लांब उभं राहायचं, हे सगळं टोळीनायक सांगणार.

आणि आधी पालकांची अर्धा तास बैठक घ्या. त्यात एकच नियम सांगा, मुलाने विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. विचारलं तर शब्दाने सांगायचं, तरी नाही जमलं तर आपली वेगळी दोरी घेऊन शेजारी करून दाखवायचं, त्याची दोरी त्याच्याच हातात. धोका दिसला तर अर्थातच लगेच मध्ये पडायचं, सुरी, कुऱ्हाड, आग, पाणी इथे विचारत बसायचं नाही. हे कारणासकट सांगितलं की लोक ऐकतात हो. तो मुलीचा किस्सा मात्र नाव न घेतासुद्धा सांगू नका, छोट्या ग्रुपमध्ये सगळ्यांना कळतं कोण ते.

अजून एक, वेळ दुप्पट धरा. बाबांनी दोरी ओढून घेतली कारण अंधार पडत होता. तंबू दुपारीच लागतील असं पोचायचं ठेवा, घाई नसली की मोठी माणसंही शांत असतात.

दोन_गाठी :
तंबू का बसला ते सांगतो. बहुतेकांना येते ती बुटाच्या नाडीची गाठ, घाईत दोन्ही वेळा एकच बाजू वर घेतली की ती उलटी बसते आणि ताण आला की सरकते. तीच गाठ बरोबर घातली की रीफ नॉट होते, पण तीसुद्धा बँडेज बांधायला चांगली, दोन दोर जोडायला नाही. ताणदोरीला राउंड टर्न म्हणजे खुंटीभोवती दोन वेढे घेऊन दोन हाफ हिच म्हणजे अर्ध्या गाठी, किंवा सरकवून ताण कमीजास्त करता येतो ती टॉटलाइन हिच. जोडायच्या दोन दोरांची जाडी वेगळी असेल तर शीट बेंड नावाची गाठ.
मुलांना सांगा, पाहुणे आले की पहिली वीस मिनिटं तुम्ही त्यांना एक गाठ शिकवायची. मोठी माणसं चुकतात, मुलं दुरुस्त करतात, पुढचा दिवस वेगळाच जातो.

पायवाट :
+१ वरच्या दोघांना. माझ्याकडून एक खेळ देते, आमच्याकडे दर वेळी चालतो, फोनवाले पालकही उठतात.

मुलांनी सकाळी लवकर जाऊन खुणांची वाट घालायची. काड्यांचा किंवा दगडांचा बाण म्हणजे इकडून जा, फुली म्हणजे इकडे नाही, चौकोनात आकडा आणि बाहेर बाण म्हणजे त्या दिशेला तितकी पावलं मोजून चिठ्ठी शोधा, आणि शेवटी गोल आणि त्यात टिंब, म्हणजे मी घरी गेलो. पालकांना खुणांचा अर्थ सांगायचा नाही, प्रत्येक कुटुंबागटाबरोबर एक स्काउट, तो सांगेल तेव्हाच पुढे. आमच्याकडे एक आजोबा होते, ते दर खुणेपाशी खाली वाकून चष्मा वर करून बघायचे आणि नातीला विचारायचे, आता हे काय म्हणतंय गं? ती नऊ वर्षांची मुलगी एरवी मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, त्या दिवशी तासभर बोलत होती.

शेवटच्या खुणेपाशी सगळे जमले की मुलांना सांगा की ही गोल-टिंबाची खूण बेडन-पॉवेल यांच्या केनियातल्या न्येरीच्या थडग्यावर कोरलेली आहे. आमच्याकडे दर वेळी एकदम शांतता होते.

वाट लांब ठेवू नका. डोंगरात चालायचा जुना हिशोब आहे, सपाटीला तासाला ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त, तो धडधाकट माणसांसाठी. लहान मुलं आणि आजीआजोबा असतील तर निदान दुप्पट वेळ धरा. सगळ्यात हळू चालणारा पुढे, मागे एक जाणतं मोठं माणूस. आणि निघताना खुणा मोडून, दगड परत जागेवर ठेवून यायचं.

तिघांची_आई :
मी थोडं वेगळं मत मांडते, राग मानू नका. मी पालक म्हणून जाते, लीडर नाही. मला वर्षभरात माझ्या मुलाबरोबर असा मोकळा वेळ मिळत नाही, आणि कॅम्पला जाऊन तिथेही त्याला दुसऱ्याच टोळीत बघायचं असेल तर मला वाईट वाटेल. त्या बाबांनी दोरी घेतली ते चूकच, पण कदाचित त्यांनाही लेकीबरोबर काहीतरी करायचं होतं आणि त्यांना तेवढंच सुचलं.
दिवसातला एक तास तरी आपापल्या मुलाबरोबर द्या. दोघांनी मिळून एक छोटी वस्तू करायची, तीन काठ्या बांधून तिवई करा, हात धुवायचं स्टँड करा. ठरवणार मूल, धरणार मोठं माणूस.

आणि हो, कार्यक्रमाला "आईबरोबर" "बाबांबरोबर" असं नाव देऊच नका. माझ्या धाकट्याच्या ग्रुपमध्ये असा एक दिवस होता, एका मुलाचं कुणीच येऊ शकलं नव्हतं. तो पूर्ण वेळ सामानाच्या खोलीत दोऱ्या गुंडाळत बसला, न सांगता, एकेक वेटोळं अगदी सारखं. कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही उशिराच आलं. "घरचं किंवा जवळचं एक मोठं माणूस" असं लिहा, आणि कोण येणार नाही ते आधीच विचारून ठेवा, त्या मुलाला ऐन वेळी कुणाच्या तरी गळ्यात घालू नका, तो ज्याला ओळखतो असं माणूस दोन आठवडे आधी ठरवा.

जुना_टोळीनायक :
तिघांची_आई, पटलं तुमचं. माझ्या लिहिण्यात हे राहिलं होतं. सकाळ टोळीची, दुपारचा एक तास घरच्यांचा, असं करता येईल.

हिशोबवही :
कंटाळवाणं पण लागणारं लिहितो. पालक येतात म्हणजे सुरक्षिततेचे नियम सैल असं होत नाही, उलट नवीन मोठी माणसं वाढतात. कुठलंही मोठं माणूस दुसऱ्याच्या मुलाबरोबर एकटं असणार नाही, कायम दोन मोठे, किंवा सगळ्यांना दिसेल अशा जागी. लीडरने मुलांच्या तंबूत झोपायचं नाही. पालक फक्त आपल्याच मुलासोबत एका तंबूत चालतील. फोटो टाकायचे तर लेखी परवानगी. प्रत्येक मुलाचा फॉर्म, ऍलर्जी, चालू औषधं, दोन फोन नंबर, कागदावर, कारण रेंज जाते. प्रथमोपचाराची पेटी कोणाकडे आहे ते सगळ्यांना माहीत हवं, आणि भाजलं तर लगेच वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं, टूथपेस्ट-बिस्ट काही नाही, हे शेकोटीच्या आधी पालकांनाच सांगा कारण तेच पेस्ट घेऊन धावतात.

आणि काम मागायची पद्धत बदला. "कुणी मदत करेल का" विचारलं की तीच तीन माणसं हात वर करतात. त्याऐवजी एकेकाला गाठून नेमकं काम नेमक्या वेळेचं द्या, "शनिवारी चार ते पावणेपाच पाण्याचे कॅन भरून घ्याल का". एवढ्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही. ज्याला कॅम्पिंग येत नाही त्याला सायकल दुरुस्ती येत असेल, शिवण येत असेल, आकाशातले तारे ओळखता येत असतील, वर्षाच्या सुरुवातीला एक कागद फिरवून विचारून ठेवा. पैशाचा हिशोब लीडरने एकटीने ठेवू नका, दोन पालक घ्या आणि प्रत्येक कॅम्पनंतर सगळ्यांना दाखवा.

शिट्टीदोरी :
किती छान लिहिलंत सगळ्यांनी, वाचून धीर आला. दोन शंका. कबची १० मुलं मोठ्यांच्या टोळीत टाकू का वेगळी? आणि वादळ आलं तर काय करता, मागच्या वेळी नुसता वारा होता तरी पालक घाबरले.

पायवाट :
कब वेगळेच ठेवा, सहाच्या आसपासचे दोन गट, प्रत्येकाला सिक्सर, म्हणजे कबमधलाच गटनायक. मोठ्यांच्या टोळीत टाकलं की ती नुसती हरकामी होतात. त्यांच्यासाठी किम्स गेम घ्या, कापडाखाली २० वस्तू, एक मिनिट बघायचं, मग झाकून आठवायचं, पालक विरुद्ध कब. कब बऱ्याचदा जिंकतात.
विजेचं म्हणाल तर, चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडलं की खेळ बंद, पक्क्या इमारतीत किंवा गाडीत. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर यायचं नाही. तंबू म्हणजे आसरा नव्हे, झाडाखाली तर अजिबात नाही. म्हणून जागा ठरवतानाच पक्कं छप्पर किती लांब आहे ते बघा.

शिट्टीदोरी :
दोन महिन्यांनी लिहितेय. कॅम्प झाला परवा. ती मुलगी आली होती. मी कॅम्पच्या आधी घरी जाऊन भेटले आणि तिच्या बाबांशीही बोलले, ते म्हणाले मला कळलंच नाही हो, मला वाटलं मी मदत करतोय. तिला पाहुण्यांना गाठ शिकवायचं काम दिलं, तिच्यासमोर आठ मोठी माणसं दोऱ्या घेऊन बसली होती, बाबा मुद्दाम दुसऱ्या टोळीत. दुपारच्या तासाला ते तिच्याकडे आले आणि त्यांनी काठी धरली, बांधलं तिने. तिवई जरा वाकडी झाली पण त्यावर पाण्याचा कॅन दोन दिवस राहिला.
सगळंच जमलं असं नाही. एका टोळीचं जेवण रात्री साडेनऊला झालं, लहान भावंडं रडकुंडीला आली, त्यांच्यासाठी आधी काही खायला ठेवायला हवं होतं. आणि दोन पालक शेवटपर्यंत फोनवरच होते, पुढच्या वेळी हिशोबवही म्हणतात तसं आधीच गाठेन.
शेवटच्या रात्री पाऊस झाला, तंबू ओलेच गुंडाळून आणलेत, सोमवारी उघडले तर चालेल का?

दोन_गाठी :
नाही, आजच उघडा. ओलं कापड गुंडाळलेलं राहिलं की एकदोन दिवसांत बुरशी धरायला लागते आणि तो वास मग जात नाही. जागा नसेल तर प्रत्येक टोळीला आपापला तंबू घरी न्यायला सांगा, दोरीवर सावलीत टाकायचा, शिवणी पूर्ण कोरड्या झाल्याशिवाय घडी नाही. खुंट्या वेगळ्या धुवून पुसून ठेवा.