मदत हवी आहे: गिलगिट-बाल्टिस्तानच्या १९४७ पूर्वीच्या अंतर्गत सीमा

नमस्कार. आमच्या गावातील ग्रंथालयासाठी मी गिलगिट-बाल्टिस्तानच्या इतिहासावर नकाशांचा एक संच तयार करत असून, १९४७ च्या नकाशापाशी काम अडले आहे.

आपल्याकडच्या बहुतेक नकाशांत हा सारा प्रदेश एकाच रंगात दाखवतात, पण त्याचे दोन भाग अगदी निरनिराळ्या वाटांनी आजच्या स्थितीला आले आहेत. १८४० मध्ये जम्मूच्या डोगरा राजांचा सेनापती जोरावर सिंग याने बाल्टिस्तानातील स्कर्दू जिंकले आणि पुढे डोगरा राजवटीत बाल्टिस्तान लडाख वजारतीत (म्हणजे वजिराच्या अखत्यारीतील जिल्ह्यात) मोडू लागले. स्कर्दू, कारगिल आणि लेह या तिच्या तीन तहसिली होत्या आणि हिवाळ्यात वजिराचा मुक्काम स्कर्दूला असे. गिलगिटचे तसे नव्हते. १९३५ मध्ये महाराजा हरिसिंगांनी सिंधूच्या उजव्या तीरावरील गिलगिट वजारत ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांना दिली, मात्र डाव्या तीरावरचे बुंजी आणि अस्तोर स्वतःकडेच ठेवले. हुंझा आणि नगर येथे तर आपापले मीर (मांडलिक राजे) होते.

पट्टा रद्द होऊन ऑगस्ट १९४७ मध्ये गिलगिट महाराजांकडे परत आले, परंतु ३१ ऑक्टोबरच्या रात्री गिलगिट स्काउट्स या स्थानिक निमलष्करी दलाने महाराजांचे राज्यपाल घनसारा सिंग यांच्या निवासस्थानाला वेढा घातला आणि दुसऱ्या दिवशी ते शरण गेले. स्कर्दूचा किल्ला मात्र संस्थानी फौजेचे अधिकारी शेर जंग थापा यांनी फेब्रुवारी १९४८ पासून वेढ्यात राहून १४ ऑगस्टपर्यंत लढवला. अशा स्थितीत दोन्ही भाग एकाच तारखेला हातातून गेले असे दाखवणारा नकाशा मला चुकीचा वाटतो, आणि त्या किल्ल्यात झुंजलेल्यांवर तो अन्यायही करतो.

मला प्रथम हवा आहे तो पट्ट्याच्या क्षेत्राची आणि अस्तोरची हद्द स्पष्ट दाखवणारा, शक्यतो १९३५ नंतर छापलेला नकाशा. त्याचबरोबर १९४१ च्या जनगणनेतील जम्मू-काश्मीर संस्थानाचे तहसीलवार तक्ते कोणत्या ग्रंथालयात पाहायला मिळतील, हेही कळवावे. हुंझा आणि नगर यांना संस्थानाच्या मुख्य रंगात घ्यावे की मांडलिक म्हणून वेगळ्या छटेत, याबद्दल अभ्यासकांचे साधार मत हवे आहे.

भाषांच्या नकाशाचा प्रश्न याहून नाजूक आहे. तिबेटीच्या जवळची बाल्टी स्कर्दू आणि खपलूमध्ये बोलली जाते, तशीच नियंत्रण रेषेच्या अलीकडे तुर्तुकमध्येही. १९७१ च्या युद्धात तुर्तुक भारताच्या ताब्यात आले आणि तेथील कित्येक कुटुंबांची ताटातूट झाली, त्यामुळे भाषेचा पट्टा त्या रेषेवर तोडून टाकणे मला अजिबात मान्य नाही. शिणा आणि कोणत्याही ज्ञात भाषाकुळात न बसणारी बुरुशास्की यांच्या गावनिहाय विस्ताराची माहिती असल्यास तीही द्यावी.

बाह्य सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच राहतील, त्यामुळे त्यांविषयी सूचना नकोत. उत्तर देताना नकाशाचे वर्ष आणि प्रकाशक अवश्य नमूद करावेत.