मदत हवी आहे : बोलेरोमागे ओढायचा दोघांपुरता झोपायचा ट्रेलर, सोलापुरात बनवायचा आहे

नमस्कार मंडळी,

मी जुळे सोलापुरात राहतो. घरी बोलेरो आहे. तिच्यामागे जोडता येईल असा, दोन माणसं आरामात झोपतील एवढा छोटा ट्रेलर बनवायचं नक्की केलं आहे. चासी लोखंडी, वरची पेटी प्लायवूडची, बाहेरून पत्रा. पुढून गोल, मागे उतरत गेलेला आकार. मागचं झाकण वर उचललं की त्याच्या सावलीत ओटा, शेगडी आणि डबे. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून लोक असे ट्रेलर घरच्या अंगणात बनवत आले आहेत. आकार छोटा ठेवण्याचं कारणही साधं आहे, वजन कमी आणि वाऱ्याचा अडथळा कमी.

कशासाठी, तेही सांगतो. वडील आषाढीला दिंडीबरोबर चालतात. माळशिरसपासून पुढे वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी एवढा टप्पा तरी आईलाही बरोबर राहायचं असतं. पण तिच्या गुडघ्यांमुळे राहुटीत जमिनीवर झोपणं आणि उठणं आता होत नाही. त्या दिवसांत पंढरपुरात खोली मिळणं किती अवघड असतं ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. मुक्कामाच्या गावी शेताच्या कडेला ट्रेलर उभा करून आईला गादीवर झोपता आलं, तर वर्षाची वारी सुटणार नाही. एरवी गाणगापूर, नळदुर्ग, उजनीच्या काठावर पक्षी बघायला असा वापर होईलच.

आता मुद्द्यावर येतो.

पेटी आठ फूट लांब आणि पाच फूट रुंद धरली आहे. प्लायवूडची शीट आठ बाय चारची येते, त्यामुळे दोन्ही बाजू एकेका शीटमधून निघतात, जोड येत नाही. खाली पन्नास बाय पन्नासचा, ३ मिमी जाडीचा चौकोनी पाईप. इथेच पहिला वाद सुरू झाला. आपल्याकडे ट्रॉली बनवणारे कसबी लोक भरपूर आहेत. उसाच्या जिल्ह्यात ते असणारच. ज्या वर्कशॉपमध्ये गेलो तिथले मालक म्हणतात, शंभर मिमीचा सी-आकाराचा चॅनल घ्या, आयुष्यभर बघायला नको. पण शंभरचा चॅनल मीटरला नऊ किलोच्या वर भरतो आणि माझा पाईप साडेचारच्या आत. चासीला साधारण बारा मीटर माल लागतो, म्हणजे नुसत्या सांगाड्यात पंचावन्न-साठ किलोंचा फरक. ट्रॅक्टरला तो जाणवणारही नाही. बोलेरोला घाटात आणि ब्रेक मारताना नक्की जाणवेल. आईवडिलांचं सामान, गादी, तीस लिटर पाणी, बॅटरी सगळं धरून एकूण वजन पाचशे किलोच्या आत ठेवायचा माझा आग्रह आहे. पाईपची चासी हायवेवर आणि गावातल्या खड्ड्यांत टिकते का, हा अनुभव कुणाला असेल तर लिहा. हूकपासून येणारा ओढायचा दांडा जिथे चासीला मिळतो तिथे ताण सगळ्यात जास्त येतो. त्यामुळे दांडा थेट ॲक्सलपर्यंत आत नेऊन आडव्या पाईपांना बांधायचं मनात आहे.

दुसरा प्रश्न ॲक्सल नेमका कुठे बसवायचा. जेवढं वाचलं आणि समजून घेतलं त्यावरून, एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के वजन हूकवर आलं पाहिजे. मागे वजन जास्त झालं की वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोकांड्या खायला लागतो आणि मग गाडीही हातात राहत नाही. पाचशे किलोला हूकवर पन्नास ते पंचाहत्तर किलो. माझा ओटा मागे आहे, म्हणजे शेगडी, भांडी, धान्य सगळं मागे जाणार. म्हणून पाण्याची टाकी आणि बॅटरी पुढे दांड्याजवळ घ्यायची ठरवलं आहे. ॲक्सल पेटीच्या मध्यापासून थोडा मागे. पण ‘थोडा’ म्हणजे किती, हे पेटी पूर्ण व्हायच्या आधी कसं ठरवायचं? वेल्डिंग करून बसलं की हलणार नाही.

तिसरा विषय मला सगळ्यात जवळचा आहे, तो म्हणजे दिवे. गळीत हंगामात रात्री पंढरपूर किंवा अक्कलकोट रस्त्याने जो कुणी गाडी चालवतो त्याला माहीत आहे की मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली किती जवळ आल्यावर दिसते. आपल्या जिल्ह्यात कितीतरी घरांनी त्यात माणूस गमावला आहे. माझा ट्रेलर अंधारात लांबून दिसलाच पाहिजे, यात तडजोड नाही. सात पिनांचा प्लग घेतोय. त्याचे रंग ठरलेले असतात: पिवळी वायर डावा इंडिकेटर, हिरवी उजवा, पांढरी अर्थिंगची, लाल ब्रेकचा दिवा, तपकिरी उजवा मागचा दिवा, काळी डावा. मागे लाल आणि बाजूंना पिवळी रिफ्लेक्टर पट्टी पूर्ण लांबीला. अर्थिंगसाठी चासीवर किंवा हूकवर विसंबायचं नाही, स्वतंत्र वायर टाकायची. हूकमध्ये ग्रीस आणि गंज असतो, दिवे मध्येच जातात. बोलेरोच्या मूळ वायरिंगला थेट जोड मारावा की मध्ये रिले (विजेवर चालणारे स्विच) टाकावेत, हे एखाद्या चांगल्या वायरमनने सांगावं.

चौथा प्रश्न कागदपत्रांचा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(२८) मधल्या ‘मोटार वाहन’ या व्याख्येत ट्रेलरही येतो. म्हणजे कलम ३९ प्रमाणे नोंदणी हवी आणि कलम १४६ प्रमाणे तृतीय पक्ष विमाही. १९८९ च्या केंद्रीय नियमांतला नियम १२६ सांगतो की नमुन्याची चाचणी मान्यताप्राप्त संस्थेकडून व्हावी. पुण्यातली एआरएआय, सीआयआरटी अशा त्या संस्था. एकच ट्रेलर बनवणाऱ्या घरगुती माणसाने तिथवर कसं जायचं? ‘कोण विचारतंय’ हे उत्तर कृपया देऊ नका. वारीच्या गर्दीत, हजारो माणसं रस्त्यावरून चालत असताना, विमा नसलेली वस्तू गाडीमागे घेऊन जायची माझी तयारी नाही. बोलेरोला टोइंग हूक बसवणं कलम ५२ खाली वाहनातला बदल धरलं जातं का, हेही विचारायचं आहे.

शेवटचा विषय ऊन. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो. पत्र्याची बंद पेटी त्या उन्हात तव्यासारखी तापणार. दोन प्लायच्या मध्ये २५ मिमीचा थर्माकोलसारखा घट्ट फोम, बाहेरून पांढरा रंग, समोरासमोर दोन खिडक्या, छताला बारा व्होल्टचा हवा बाहेर फेकणारा पंखा, एवढं योजलं आहे. छतापासून हातभर वर शेडनेट ताणलं तर बराच फरक पडेल असं वाटतं. डाळिंबाच्या बागांमुळे शेडनेट इथे सहज मिळतं. एसी घ्यायचा नाही, तेवढी बॅटरी वाहून नेण्यात अर्थ नाही.

मोठं लिहिलं, पण तुटक विचारण्यापेक्षा एकदाच मांडलेलं बरं.

प्रतिसाद

दादा, बार्शीला माझं गॅरेज आहे. ॲक्सलबद्दल सांगतो. जुन्या ओम्नीचा मागचा ॲक्सल कुणी स्वस्तात देत असेल तर मोहात पडू नका. मागची चाकं ओढणारी गाडी ती, मधला गोळा (डिफरन्शियल) आणि गिअर बरोबर येतात. आतल्या शाफ्टवरच चाक बसलेलं असतं, त्यामुळे ते काढून टाकता येत नाही, तेल भरून तसंच फिरवत बसावं लागतं. फुकटचं वजन. पुढची चाकं ओढणाऱ्या छोट्या गाडीचा मागचा ॲक्सल बघा, अल्टोसारख्या. आत फिरणारं काही नाही, हब आहे, बेअरिंग आहे, ड्रम ब्रेक आहे. बारा इंची १४५/८० च्या टायरवर ७४ आकडा असतो, म्हणजे एका टायरला ३७५ किलोची क्षमता. तुमच्या पाचशेला दोन टायर भरपूर झाले. पाटे (लीफ स्प्रिंग) लावायचे तर ॲक्सलला वेल्डिंग करू नका, यू-बोल्टने आवळा. आणि जागेचं कोडं त्यातच सुटतं. पाटे ज्या पट्टीवर बसतात ती पट्टी चासीला बोल्टने जोडा, दर दोन इंचांवर भोकं ठेवा. पेटी पूर्ण करा, सामान भरा, मग पुढे-मागे सरकवून बघा. हूकखाली आडतीतला धान्याचा काटा ठेवला की वजन कळतं.

प्रतिसाद

पुण्यातून लिहितोय. कागदपत्रांबाबत माझं मत स्पष्ट आहे. चासी स्वतः बनवू नका. ज्या उत्पादकाकडे नियम १२६ खालची मंजुरी आहे त्याच्याकडून छोट्या ट्रेलरची तयार चासी घ्या. मंजुरीच्या प्रमाणपत्राची प्रत मागा, विक्रीचा नमुना २१ घ्या, चासीवर ठोकलेला नंबर कागदाशी जुळवून बघा. नमुना २० चा नोंदणीचा अर्ज त्यावरच उभा राहतो. वरच्या पेटीचा आराखडा आणि एकूण वजन घेऊन आधी आरटीओत जा, मगच प्लाय कापा. हूकचाही प्रश्न तिथेच लेखी विचारा.

प्रतिसाद

भाऊ, आईंच्या गुडघ्यांचा विचार करून ट्रेलर बनवताय आणि आकार असा घेताय की आत रांगत जावं लागेल? चार फूट उंचीच्या पेटीत कपडेही बसून बदलावे लागतात. दाराचा उंबरठा खुर्चीच्या उंचीचा ठेवा, अठरा ते वीस इंच. आधी कडेवर बसायचं, मग पाय आत घ्यायचे. दार रुंद हवं, आणि आत-बाहेर दोन्हीकडे धरायला पाईपचे दांडे. रात्री उठावं लागतं, त्यामुळे आई दाराच्या बाजूला झोपतील अशी सोय करा.

गॅसबद्दलही सांगते. सिलेंडर झोपायच्या पेटीत कधीच नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो आणि वास नाकापर्यंत उशिरा येतो. मागच्या ओट्याच्या कप्प्यात पाच किलोचा छोटा सिलेंडर ठेवा. त्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारी जाळी हवी आणि झोपायच्या बाजूची भिंत पूर्ण बंद हवी.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार.

काका, भोकांच्या पट्टीची कल्पना मी डोळे झाकून घेणार आहे. ब्रेकबद्दल एक विचारायचं राहिलं. युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसला तरी चालतो. म्हणजे पाचशे किलोला तो नसला तरी भागेल. तरी तुम्ही म्हणता तसे ड्रम आयते मिळत असतील, तर गाडीने ब्रेक मारल्यावर ट्रेलर पुढे रेटला जातो त्या धक्क्यानेच हूकमागचा दांडा आत सरकून केबल ओढतो, ती पद्धत बसवावी असं वाटतं. रिव्हर्स घेताना मात्र तोच दांडा आत दाबला जाऊन ब्रेक लागणार. त्यासाठी खीळ कशी घालता? आणि हूक सुटलाच तर दांडा जमिनीत रुतू नये म्हणून खाली दोन साखळ्या एकमेकींना छेद देत बांधणार आहे. त्या किती जाड घ्याव्यात?

ताई, उंबरठ्याचं तुमचं म्हणणं पटलं. चाकं पेटीच्या खाली न घेता बाजूला घेतली तर तळ खाली येतो आणि वीस इंचात उंबरठा बसतो, कागदावर काढून बघितलं. रुंदी मात्र पाच फुटांवरून मडगार्डसकट बोलेरोपेक्षा थोडी जास्त होईल. ती चालेल, आरशात चाकं दिसत राहतील. झोपायची जागा दाराकडेच ठेवतो. आईने स्वतः हेच सांगितलं होतं.

प्रतिसाद

उन्हाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी अक्कलकोट रोडला राहतो. मे महिन्यात आपली हवा कोरडी असते, त्यामुळे बारा व्होल्टचा छोटा कूलर चांगलं काम करतो, एक खिडकी उघडी ठेवली तर. पण तुमची आषाढी जून-जुलैत येते. तेव्हा हवेत ओल असते, कूलरने नुसता दमटपणा वाढेल. तिथे पंखाच हवा, आणि पाऊस आत न येता खिडकी उघडी राहील अशी वरून बिजागरी असलेली झडप. दोन माणसांच्या श्वासानेच बंद पेटीत पहाटेपर्यंत पत्र्याला आतून पाणी सुटतं आणि गादी ओली होते. प्लाय आयएस ७१० चा मरीन (पाण्याला टिकणारा) घ्या, कापलेल्या कडांना इपॉक्सी लावा. कडेतून पाणी शिरलं की पापुद्रे सुटतात.

धागाकर्ता

झडपेचं अगदी बरोबर. वेळापूरच्या मुक्कामाला पावसाची सर येणार हे धरूनच चालायला हवं. छतावर शंभर-दीडशे वॅटचं सोलर पॅनेल आणि शंभर ॲम्पिअर-तासाची लिथियम बॅटरी धरली आहे. पंखा आणि दोन दिवे रात्रभर चालून दुसऱ्या ढगाळ दिवसालाही पुरावेत एवढा हिशोब जुळतो.

पुण्याच्या मित्राचा सल्ला मान्य. चासी स्वतः वेल्ड करायचं बाजूला ठेवतोय, पेटी मात्र मीच बनवणार. वरचा पाईप की चॅनल हा वाद त्यामुळे मिटला. उरलेली मदत आता एवढीच हवी आहे: ७५० किलोच्या आतल्या दोन चाकी ट्रेलरची मंजुरी असलेली, पेटीशिवाय नुसती चासी एकच नग देणारा उत्पादक महाराष्ट्रात किंवा विजयपूर-कलबुर्गीच्या बाजूला कुणाला ठाऊक आहे का? आणि ॲक्सल सरकवता येईल अशी भोकांची पट्टी ते मंजूर रचनेत देऊ शकतात का, की नोंदणीनंतर ॲक्सलची जागा हलवणंच बेकायदा ठरतं? ज्यांनी खाजगी ट्रेलरला नंबर घेतला आहे त्यांनी कृपया लिहावं. प्लाय तोपर्यंत कापत नाही.